पदवीनंतरची व्यवसायनिवड : व्यवहार आणि आवड यांचा तोल
(वऱ्हाडातील पदवीधरांच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

पदवी शिक्षण पूर्ण झाल्यानंतर उपजीविकेसाठी सुरक्षित मार्ग निवडावा की आवडीच्या क्षेत्रात पाऊल टाकावे, हा प्रश्न ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना दरवर्षी पडतो. प्रस्तुत लेखात ‘व्यवहार’ आणि ‘आवड’ या दोन्ही संकल्पनांची फोड केली असून, व्यवहार म्हणजे भविष्याविषयीचा एक अंदाज आणि आवड म्हणजे कामातून घडत जाणारी वृत्ती, अशी मांडणी केली आहे. वऱ्हाड व महाराष्ट्रातील काही सुपरिचित व्यक्ती आणि संस्था यांच्या आधारे या दोहोंच्या समन्वयाचे चार प्रकार दाखविले आहेत. शेवटी अकोटसारख्या तालुक्याच्या गावी मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांना उपयोगी पडेल अशी चार प्रश्नांची पद्धत सुचविली आहे.

बीजसंज्ञा : व्यवसायनिवड, आवड, व्यवहार्यता, ग्रामीण पदवीधर, वऱ्हाड, व्यवसाय मार्गदर्शन.

१. प्रस्तावना

अंतिम वर्षाचा निकाल लागला की महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेण्यासाठी विद्यार्थ्यांची रांग लागते. त्या रांगेतील एखादा विद्यार्थी विभागात डोकावतो आणि विचारतो, “सर, आता पुढे काय करू?” प्रश्न तीन-चार शब्दांचा असतो, त्यामागे मात्र चार एकर कोरडवाहू शेती, एका बहिणीचे लग्न, सोसायटीचे कर्ज आणि तीन वर्षांत मनात रुजलेली एखादी गोष्ट उभी असते.

या प्रश्नाला आपण प्राध्यापक सामान्यतः दोनपैकी एक उत्तर देतो. “आवडेल तेच कर, यश आपोआप येईल,” हे पहिले. आणि “आधी पायावर उभा राहा, छंद नंतर,” हे दुसरे. दोन्ही उत्तरांत एक साम्य आहे. ती देणाऱ्याला काहीही मोजावे लागत नाही. चुकली तर किंमत विद्यार्थी आणि त्याचे कुटुंब मोजते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अकोट तालुक्यातील बहुसंख्य कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा अशा पिकांवर, म्हणजे पाऊस आणि बाजारभाव या दोन अनिश्चित गोष्टींवर अवलंबून असते. पूर्णेच्या काठचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तेथे विहिरीचे पाणीही भरवशाचे नाही. अशा घरातील पदवीधराची दोन-तीन वर्षे चुकीच्या दिशेने गेली तर ती भरून काढण्यासाठी हाताशी दुसरे भांडवल नसते. म्हणून हा प्रश्न भाषणाच्या पातळीवर न सोडविता काटेकोरपणे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

२. व्यवहार : भविष्याविषयीचा एक अंदाज

‘व्यावहारिक’ निवड म्हणजे काय? तर जिच्यातून नियमित उत्पन्न मिळण्याची शक्यता अधिक आहे अशी निवड, असे उत्तर आपण देऊ. परंतु ही शक्यता आपण कशावरून ठरवितो? बहुतेक वेळा गावातील, नात्यातील किंवा वरच्या वर्गातील कोणाला नोकरी लागली यावरून. म्हणजेच व्यावहारिकतेचा आधार कालची माहिती असतो आणि निर्णय मात्र उद्याचा असतो. या दोहोंमधील अंतर लक्षात घेतले नाही तर सर्वांत सुरक्षित वाटणारी वाटच फसवी ठरू शकते.

याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डी.एड. ही ग्रामीण कुटुंबांच्या दृष्टीने सर्वाधिक व्यवहार्य पदविका मानली जात असे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढे शिक्षण सेवक म्हणून नेमणूक, हा क्रम डोळ्यांसमोर दिसत होता. स्वाभाविकच अध्यापक विद्यालयांची संख्या वाढत गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली आणि पटावरील विद्यार्थिसंख्या व प्रत्यक्ष उपस्थिती यांतील तफावत समोर आली. मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर निर्बंध आले. डिसेंबर २०१३ मध्ये राज्याची पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली. २०१७ मध्ये अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि त्यानंतर पवित्र प्रणालीद्वारे भरती अशी नवी रचना आली. दरम्यान हजारो पदविकाधारक प्रतीक्षेत राहिले आणि अनेक अध्यापक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. ज्यांनी शिकविण्याची विशेष ओढ नसताना केवळ ‘नोकरी हमखास’ म्हणून हा मार्ग धरला होता, त्यांच्या हाती नोकरीही आली नाही आणि आवडीचे कामही राहिले नाही.

अभियांत्रिकीच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडले. एकेकाळी प्रवेशासाठी चढाओढ असलेल्या शाखांत नंतरच्या दशकात मोठ्या संख्येने जागा रिक्त राहिल्या. त्यानंतर ओघ पुन्हा संगणकाशी संबंधित शाखांकडे वळला. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे आजही सांगितली जाते. पण मुलीसाठी स्थळ पाहताना तीच कुटुंबे हा क्रम नेमका उलटा लावतात. एका म्हणीच्या आयुष्यात व्यवसायांची प्रतवारी पूर्ण फिरली. एका माणसाच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत ती अनेकदा बदलणार हे उघड आहे.

यावरून व्यवहार पाहू नये असा निष्कर्ष निघत नाही. व्यवहार हा अंदाज आहे, हमी नव्हे. तेव्हा अंदाजाला जशी मुदत असते आणि तो चुकल्यास काय करावयाचे याची तजवीज असते, तशी ती व्यावहारिक निवडीलाही असावी, एवढेच यातून निष्पन्न होते.

३. आवड : सापडणारी की घडणारी?

आवडीविषयीचा प्रचलित समज असा की, ती प्रत्येकाच्या अंतरंगात आधीपासून असते. तिचा शोध लागला की मार्ग मोकळा होतो. व्यवसाय मार्गदर्शनाच्या इतिहासात या समजाला जुना आधार आहे. फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टन येथे केलेल्या कार्यावर आधारित ग्रंथ १९०९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. व्यक्तीचे स्वतःविषयीचे ज्ञान, व्यवसायांचे ज्ञान आणि या दोहोंची तर्कशुद्ध सांगड, अशी त्रिसूत्री त्यांनी मांडली. पुढे जॉन हॉलंड यांनी व्यक्तिमत्त्वाचे आणि कार्यपरिसराचे सहा प्रकार कल्पून त्यांच्या जुळणीचा सिद्धांत विकसित केला. आज वापरल्या जाणाऱ्या अनेक कल चाचण्यांचे मूळ या विचारात आहे.

तथापि अलीकडील संशोधनाने या चित्रात महत्त्वाची भर घातली आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या दोन धारणांची तुलना केली : आवड ठरलेली असते, ती सापडते, आणि आवड प्रयत्नांतून घडते. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना कृष्णविवरांविषयीची सोपी, रंजक चित्रफीत दाखविण्यात आली. बहुतेकांना विषय आवडला. नंतर त्याच विषयावरील अवघड शास्त्रीय लेख वाचावयास दिला, तेव्हा ‘आवड सापडते’ असे मानणाऱ्यांचा उत्साह अधिक घसरला. विषय अवघड वाटतो आहे, त्याअर्थी तो आपला नव्हेच, असा निष्कर्ष ते काढतात. आपल्या वर्गातही हा अनुभव नवीन नाही. प्रथम वर्षात कवितेवर भाळून मराठी वाङ्मय घेतलेला विद्यार्थी तृतीय वर्षात भाषाविज्ञान समोर आले की म्हणतो, “सर, हा विषय मला आवडत नव्हताच.”

पॅट्रिशिया चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पालकांना आणि प्राध्यापकांना दिलासा देणारा आहे. आवडीचे काम आधी शोधावे असे मानणारे आणि काम करता करता त्याची आवड वाढते असे मानणारे, असे दोन्ही गट कालांतराने कामातील समाधानाच्या बाबतीत जवळपास सारख्याच ठिकाणी पोहोचतात. त्यांचे मार्ग मात्र वेगळे असतात. पहिला गट सुरुवातीलाच आनंदाला प्राधान्य देतो, दुसरा वेतनासारख्या बाबींना प्राधान्य देऊन नंतर आवड जोपासतो. याचा अर्थ, घरच्या परिस्थितीमुळे आज नावडती वाटणारी नोकरी स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःशी प्रतारणा केली, असे समजण्याचे कारण नाही.

आवडीचे स्वरूपही एकच नसते. रॉबर्ट व्हॅलरँड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सुसंवादी आणि आसक्त असे ध्यासाचे दोन प्रकार सांगितले. सुसंवादी ध्यास आयुष्यातील इतर गोष्टींना जागा ठेवतो. माणूस तो हाती घेऊ शकतो तसा खालीही ठेवू शकतो. आसक्त ध्यास माणसालाच धरून ठेवतो. यश न मिळाले तर आपली किंमत शून्य, असे त्याला वाटू लागते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत पाच-सहा वर्षे घालविलेल्या आणि गावी परतण्याचा संकोच वाटणाऱ्या मुलांकडे पाहिले की या भेदाचे गांभीर्य कळते.

४. समन्वयाचे चार प्रकार

आवड आणि व्यवहार यांपैकी एकाची निवड म्हणजे दुसऱ्याचा त्याग, ही मांडणी प्रत्यक्ष जीवनक्रमांशी फारशी जुळत नाही. महाराष्ट्रातील काही ज्ञात उदाहरणांवरून समन्वयाचे निदान चार प्रकार दिसतात.

४.१ समांतर मार्ग : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचे नाव मराठी विनोदाचे आणि नाट्यलेखनाचे प्रवर्तक म्हणून घेतले जाते. त्यांची उपजीविका मात्र वकिलीची होती, आणि तीही वऱ्हाडातील अकोला, खामगाव, जळगाव जामोद यांसारख्या गावी. मुंबई-पुण्याच्या नाट्यव्यवहारापासून दूर राहून त्यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ आणि अनेक नाटके लिहिली. राम गणेश गडकरी त्यांना गुरुस्थानी मानत. अलीकडच्या काळात सतीश आळेकर यांनी पुण्यातील बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या क्षेत्रात नोकरी करीत असतानाच ‘महानिर्वाण’ (१९७४) सारखे नाटक रंगभूमीवर आणले. १९९६ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा स्वीकारून ते पूर्णतः नाट्यशिक्षणाकडे वळले. नोकरीने त्यांच्या लेखनाला बाजाराच्या मागणीपासून मोकळीक दिली, असे म्हणता येईल.

४.२ क्रमिक मार्ग : डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांनी १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ अभिनय स्वीकारला. ही घटना ‘धाडसी उडी’ म्हणून सांगितली जाते. परंतु त्या उडीपूर्वीची जवळजवळ दोन दशके ते वैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय सांभाळून प्रायोगिक रंगभूमीवर काम करीत होते, हा भाग सांगावयाचा राहून जातो. त्यांनी आवड आधी कसून तपासली, कौशल्य कमावले आणि मग व्यवसाय बदलला. विद्यार्थ्यांना कथेचा शेवट सांगून तिची पहिली वीस वर्षे वगळणे योग्य नव्हे.

४.३ घडत गेलेला मार्ग : अकोटच्या उत्तरेस मेळघाट आहे. तेथील बैरागड या गावी डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी केलेल्या कार्याबद्दल दोघांना २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली. मूळचे शेगावचे असलेले डॉ. रवींद्र कोल्हे यांनी नागपुरात वैद्यकीय पदवी घेऊन बैरागड गाठले. काही काळ काम केल्यावर केवळ पदवीच्या ज्ञानावर तेथील रुग्णांना न्याय देता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून ते परत गेले, पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि पुन्हा बैरागडला आले. पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि पुन्हा येणाऱ्या रुग्णाकडून एक रुपया, अशी त्यांची फी असे. महिन्याला चारशे रुपयांत संसार करण्याची तयारी हवी, ही अट त्यांनी विवाहापूर्वीच स्पष्टपणे घातली होती. स्मिताताईंनी नागपुरातील चालता व्यवसाय सोडून ती स्वीकारली. पुढे कुपोषणाचे मूळ शेतीत आहे हे दिसल्यावर दोघांनी शेतीतही लक्ष घातले. हे उदाहरण आपण ‘त्याग’ या शीर्षकाखाली सांगतो. बारकाईने पाहिले तर त्यात हिशेब आहे, कौशल्यवृद्धी आहे आणि जोडीदाराशी आधीच केलेला स्पष्ट करार आहे. ध्येयवादाच्या पोटात इतका व्यवहार असतो, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.

४.४ संस्थात्मक मार्ग : काही वेळा आवडीसाठी व्यवसायच उपलब्ध नसतो, तो निर्माण करावा लागतो. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्याचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात रूपांतर झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. कालांतराने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय उभे राहिले आणि कुस्ती-मल्लखांबाची आवड ही शिक्षक, प्रशिक्षक म्हणून उपजीविकेची वाट बनली. डॉ. पंजाबराव देशमुख यांचे जीवनही याच प्रकारात मोडते. पापळ येथील शेतकरी कुटुंबातील या विद्वानाने परदेशात वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहिला आणि बॅरिस्टरची पदवी मिळविली. परंतु अमरावतीत परतल्यावर त्यांची विद्वत्ता वकिलीपुरती मर्यादित न राहता १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने बहुजनांच्या शिक्षणाकडे आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री म्हणून शेतीकडे वळली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही सर्व यशस्वी उदाहरणे आहेत आणि ती यशस्वी ठरली म्हणूनच आपल्याला माहीत आहेत. याच वाटांवर निघून मध्येच थांबलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. म्हणून या उदाहरणांतून यशाची हमी शोधू नये. त्यांची रचना मात्र अभ्यासावी. चारही प्रकारांत एक सूत्र समान आहे : आवडीला वेळ देताना पोटाची व्यवस्था कशी होणार, याचे उत्तर प्रत्येकाजवळ होते.

५. निवडीची किंमत सर्वांना सारखी नसते

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एरिन सेक यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडला आहे. ‘आवडीचा पाठलाग करा’ हा सल्ला सर्वांना सारखाच दिला जातो. पण त्या आवडीचे स्थिर नोकरीत रूपांतर करणे संपन्न घरातील पदवीधरांना अधिक साधते. कारण त्यांच्याजवळ ओळखी असतात आणि अपयश पचविण्याइतका पैसा असतो. हा निष्कर्ष अमेरिकेतील असला तरी पुण्यात खोली घेऊन राहणारा नोकरदाराचा मुलगा आणि त्याच खोलीत राहणारा शेतमजुराचा मुलगा यांच्या बाबतीत तो तितकाच खरा आहे. दोघांचा अभ्यासक्रम एक असतो. दोघांचा एक महिना मात्र सारख्या किमतीचा नसतो.

मुलींच्या बाबतीत पैशापेक्षाही वेळ दुर्मीळ असतो. पदवीनंतर घरचे किती महिने थांबतील, हा तिच्या निवडीतील सर्वांत निर्णायक घटक असतो आणि कोणत्याही कल चाचणीत त्याचा रकाना नसतो. तिला मार्गदर्शन करावयाचे तर ते तिच्या एकटीला करून भागत नाही. आई-वडिलांशी बोलावे लागते.

आणखी एक मुद्दा आपल्या स्वतःच्या क्षेत्रातील आहे. जे. किम आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून असे दिसते की, एखादी व्यक्ती आपल्या कामावर मनापासून प्रेम करते असे समजले, की तिला कमी मोबदल्यात अधिक काम देणे लोकांना गैर वाटेनासे होते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणारे, सेट-नेट उत्तीर्ण असलेले आपले तरुण सहकारी या निष्कर्षाचा पुरावा शोधण्यासाठी दूर जाणार नाहीत. ज्याला शिकविणे आवडते तो शिकवीतच राहील, हे गृहीत धरले जाते. म्हणून एखाद्या गुणी विद्यार्थ्याला “तू प्राध्यापकच हो” असे सांगताना आपण त्याला या वाटेचे पूर्ण चित्र दाखवितो का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. तो आपल्याकडे पाहून निर्णय घेत असतो; आणि आपल्यापैकी अनेकांची नेमणूक वेगळ्या काळात झालेली असते.

६. मार्गदर्शनासाठी चार प्रश्न

वरील विवेचनाच्या आधारे विद्यार्थ्याशी बोलताना पुढील चार प्रश्न उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न : या कामातील कंटाळवाणा भाग तुला सोसवतो का? प्रत्येक व्यवसायाचा एक दर्शनी भाग असतो आणि एक रोजचा. पत्रकारितेचा दर्शनी भाग म्हणजे नावानिशी छापलेली बातमी. रोजचा भाग म्हणजे पंचायत समितीच्या बैठकीत तासन्‌तास बसणे. ज्याला रोजचा भाग चालतो, त्याची आवड खरी मानण्यास हरकत नाही. हा भाग ऐकून कळत नाही, करून पाहावा लागतो.

दुसरा प्रश्न : किती महिने आणि किती रुपये? एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थिनीला पुण्यात राहून दोन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करावयाची आहे. महिन्याचा खर्च १०,००० रुपये धरला तर दोन वर्षांचे २,४०,००० रुपये होतात. याच काळात गावी ९,००० रुपयांची नोकरी मिळू शकत असेल, तर २,१६,००० रुपयांचे उत्पन्नही बुडते. एकूण किंमत ४,५६,००० रुपये. आता पहिले वर्ष तालुक्याच्या ठिकाणी, महिना २,००० रुपये खर्चात अभ्यासिकेत आणि सोबत ५,००० रुपयांचे अर्धवेळ काम करून काढले, तर त्या वर्षाचा खर्च २४,००० आणि बुडालेले उत्पन्न ४८,००० रुपये, म्हणजे किंमत ७२,००० रुपये होते. पुण्यातील एका वर्षाची किंमत याच हिशेबाने २,२८,००० रुपये येते. पूर्वपरीक्षेपर्यंत मजल जाते की नाही हे गावी राहून कळू शकत असेल, तर पहिल्या प्रयत्नासाठी तिप्पट किंमत मोजण्याचे कारण उरत नाही. हा हिशेब कागदावर, शक्यतो पालकांसमोर मांडावा. राज्य शासनाच्या पदभरतीत सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षे आहे. म्हणजे नियम उमेदवाराला लवकर थांबवीत नाही. थांबण्याची तारीख त्याने स्वतःच, तयारी सुरू करण्यापूर्वी, लिहून ठेवावी लागते.

तिसरा प्रश्न : निवड झाली नाही तर हाती काय उरेल? काही वाटा अपयशातही काही देऊन जातात. लेखापरीक्षणाची तयारी अपूर्ण राहिली तरी हिशेबाचे ज्ञान उरते. मृदापरीक्षण शिकलेला विज्ञानाचा पदवीधर नोकरीशिवायही स्वतःच्या शेताला उपयोगी पडतो. काही वाटांवर मात्र निवड झाली तर सर्व काही, अन्यथा काही नाही, अशी स्थिती असते. अशा वाटेवर जाणाऱ्याने एक टिकाऊ कौशल्य सोबत ठेवलेच पाहिजे.

चौथा प्रश्न : हा निर्णय परत फिरविता येतो का? एक वर्ष एखादे काम करून पाहणे हा परत फिरता येणारा निर्णय आहे. त्यासाठी शेत विकणे हा परत न फिरणारा आहे. पहिल्या प्रकारात धाडस करावे, दुसऱ्या प्रकारात शंभरदा विचार करावा. बहुतेक घरांत याच्या उलट घडते : मुलाने वर्षभर चित्रकलेचा प्रयत्न करतो म्हटले तर विरोध होतो, आणि खात्री नसलेल्या नोकरीसाठी भरमसाट रक्कम देण्यास जमीन काढली जाते.

या प्रश्नांचा उपयोग कसा होतो ते पाहू. समजा, अकोट परिसरातील एका विद्यार्थ्याला इतिहासाची ओढ आहे. नरनाळा किल्ल्याचे दरवाजे, तलाव आणि शिलालेख त्याने पाहिले आहेत. “इतिहासात नोकरी नाही” किंवा “इतिहासच कर” या दोन्ही उत्तरांऐवजी त्याला आधी रोजचा भाग दाखवावा : एका दरवाज्याची मोजमापे, छायाचित्रे आणि टिपणे त्याने स्वतः तयार करावीत. त्यात रमला तर नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग किंवा पुण्याचे डेक्कन कॉलेज यांची माहिती द्यावी. प्रवेश आणि खर्च जमेपर्यंत मेळघाट परिसरातील पर्यटनाशी संबंधित काम हा उपजीविकेचा पूल होऊ शकतो. मोजमापांच्या तिसऱ्या दिवशीच तो कंटाळला, तर इतिहास हा त्याचा छंद आहे, हे त्याला अत्यंत कमी किमतीत समजलेले असेल. छंद असणे यातही काही कमीपणा नाही.

७. महाविद्यालयाची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांच्या पदवी अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. क्षेत्रीय प्रकल्प, कार्यप्रशिक्षण, व्यावसायिक कौशल्याचे अभ्यासक्रम यांना तीत श्रेयांक आहेत. या तरतुदींकडे आणखी एक प्रमाणपत्र, आणखी एक नस्ती म्हणून पाहण्याचा मोह होतो. कामाचा बोजा पाहता तो समजण्यासारखाही आहे. परंतु पहिल्या प्रश्नाची कसोटी घेण्यासाठी यापेक्षा सोयीचे साधन आपल्याजवळ नाही. विद्यार्थी कार्यप्रशिक्षणासाठी जेथे जाईल तेथे त्याने त्या व्यवसायाचा रोजचा भाग पाहावा आणि अहवालात “मला काय कंटाळवाणे वाटले” हा एक परिच्छेद प्रामाणिकपणे लिहावा, एवढा बदल केला तरी पुष्कळ साधेल.

दुसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांची. स्नेहमेळाव्यात आपण यशस्वी माजी विद्यार्थ्यांना बोलावितो. ज्याने तीन वर्षे तयारी करून ती थांबविली आणि आज समाधानाने कृषी सेवा केंद्र चालवितो, त्याचे अर्ध्या तासाचे बोलणे अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी ठरेल. थांबण्याची कला शिकविणारे व्याख्याते आपल्याच गावात आहेत.

८. समारोप

व्यवहार आणि आवड हे तराजूचे दोन पारडे आहेत, असे आपण मानतो. एक जड झाले की दुसरे वर जाणार. प्रस्तुत विवेचनावरून दिसते ते असे की, व्यवहार हा बदलणारा अंदाज आहे आणि आवड ही कष्टाने वाढणारी वृत्ती आहे. दोन्ही अस्थिर असल्याने त्यांचा तोल पदवीच्या वर्षी एकदाच साधून संपत नाही. तो पुनःपुन्हा साधावा लागतो. म्हणून विद्यार्थ्याला अंतिम उत्तर देण्याची घाई करू नये. त्याला हिशेब मांडावयास शिकवावे, लहान आणि परत फिरता येणारे प्रयोग करू द्यावेत आणि थांबण्याची तारीख लिहून घ्यावी.

“सर, आता पुढे काय करू?” हा प्रश्न दारात उभ्या उभ्या विचारला जातो, म्हणून आपणही त्याचे उत्तर उभ्या उभ्या देतो. पुढच्या वेळी त्या विद्यार्थ्याला समोरच्या खुर्चीवर बसण्यास सांगावे आणि त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेवावा. मार्गदर्शनाची सुरुवात तेथून होते.